दीपगृहं ‘शोभेची’ झालेली नाहीत

सध्या कोकणातल्या गटागटांत एक संदेश फिरतोय : ‘जीपीएस आल्यापासून दीपगृहं शोभेची झाली. इंग्रजांनी स्वतःच्या जहाजांसाठी बांधलेले हे मनोरे आपल्या करावर कशाला पोसायचे? बत्ती विझवा, जागा हॉटेलांना द्या.’ मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

आधी जीपीएस. त्याचे उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटर वर. होडीपर्यंत पोचेस्तोवर संकेत इतका क्षीण होतो की तो दाबून टाकणं किंवा त्याजागी खोटा पाठवणं शक्य असतं. त्याहून साधी गोष्ट खाऱ्या पाण्याची. यंत्रात पाणी शिरलं की पडदा काळा. पडदा चालू असला तरी तो खरं सांगतोय का, हे ताडायला दुसरी खूण लागतेच. लहानपणी मामाच्या होडीवर मी विचारलं होतं, एवढ्या दिव्यांत आपली बत्ती कुठली? तो म्हणाला, “नुसतं बघू नको, मोज.” झोत किती, किती सेकंदांनी, हे प्रत्येक दीपगृहाचं ठरलेलं असतं आणि शेजारच्यापेक्षा वेगळं असतं. अंधारात तांडेलाला किनारा ओळखता येतो तो या मोजणीवर.

दिवसा हेच काम रंग करतो. मुंबईच्या तोंडाशी 1875 पासून उभा असलेला प्राँग्सचा मनोरा लाल, पांढऱ्या, काळ्या पट्ट्यांचा आहे तो म्हणूनच. तो पाण्यातल्या खडकांवर उभा, त्यामुळे 40 मीटरहून उंच बांधावा लागला. रत्नागिरी, देवगडला किल्ल्याच्या कड्यानेच बरीचशी उंची दिली. समुद्रापासून 100 मीटरवर दिवा असला आणि हवा स्वच्छ असली, तर छोट्या बोटीवरूनही तो 40 किलोमीटरवरून दिसू शकतो. शिवाय 26/11 नंतर किनाऱ्यावर टेहळणीची साखळी उभारली, तेव्हा रडार आणि जहाजं ओळखणारी यंत्रं ठेवायला अनेक ठिकाणी हेच मनोरे कामी आले.

कराचं म्हणाल तर 1927 च्या कायद्यापासून भारतीय बंदरांत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून यासाठी दीपशुल्क घेतलं जातं. 2021 च्या नव्या कायद्यातही शुल्काची तरतूद आहे.

राहिला ‘इंग्रजांचे मनोरे’ हा मुद्दा. बांधले त्यांनी, आपल्या व्यापारासाठी, हे खरंच. पण खांदेरी बघा. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा तो होऊ नये म्हणून मुंबईच्या इंग्रजांनी लढाऊ गलबतं धाडली. किल्ला उभा राहिलाच. मुंबईत शिरणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला ही जागा किती मोक्याची, हे महाराजांनी त्यांच्या नाकासमोर दाखवून दिलं. पुढे 1867 मध्ये इंग्रजांनी दीपगृह बांधलं ते याच बेटावर. आज बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे आणि कोळी बांधव तिथल्या वेताळाच्या दर्शनाला होड्या घेऊन जातात. हा सगळा इतिहास ‘त्यांचा’ म्हणून टाकायचा? मला ते जमणार नाही.

पर्यटनाला माझा विरोध नाही. कितीतरी दीपगृहं आजही दुपारनंतर तिकीट काढून बघता येतात. माणसं जिना चढतात, समुद्र बघतात, अंधार पडायच्या आत खाली उतरतात, आणि मग बत्ती लागते.