‘वय झालं आता’ हे कृपया कुणाला म्हणू नका

परवा मैत्रिणीचा फोन आला. रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं, अंग घामाने भिजलेलं असतं, दिवसा कुणी साधं काही विचारलं तरी रडू येतं. ईसीजी नॉर्मल आला, मग घरचे म्हणाले टेन्शन घेऊ नकोस. मी विचारलं पाळी कशी येतेय, तर म्हणाली कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. वय ४६. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझी अशीच दोन वर्षं गेली. आखडलेल्या खांद्यासाठी एक डॉक्टर, झोपेसाठी दुसरे, आणि चिडचिडीसाठी कुणीच नाही कारण ती मी माझ्या स्वभावावरच ढकलली होती, मुलांवर ओरडून झालं की बाथरूममध्ये जाऊन रडायचे आणि मीच वाईट झालेय असं वाटायचं.

सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज म्हणतात, बहुतेकींना ४५ ते ५५ च्या दरम्यान. पण त्रास त्याच्या कितीतरी आधी, पाळी चालू असतानाच सुरू होतो, कारण इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन सरळ कमी होत नाही, वरखाली होत राहतं. मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग त्यामुळे इतका हळवा होतो की जरासं गरम झालं तरी अंग थंड करायला धावतो. म्हणून तो घाम. हे समजलं त्या दिवशी मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

माझं मत विचाराल तर सगळ्यात आधी झोप सांभाळा. झोप नीट झाली की निम्मी चिडचिड मला तरी कमी वाटली. खोली थंड, कपडे सुती आणि सैल, दुपारनंतर कॉफी बंद. झोपेसाठी आणि हॉट फ्लॅशेससाठी, म्हणजे अंगातून अचानक गरम वाफा येतात त्यासाठी, सीबीटी म्हणून समुपदेशनाची पद्धत आहे, तिचाही उपयोग होतो. आणि वजनं उचला. नुसतं चालणं पुरत नाही, पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर ठिसूळ होतात.

या त्रासावर देतात त्या हार्मोन्सच्या गोळ्यांबद्दल आपल्या मनात जी भीती आहे ना, ती बरीचशी २००२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाच्या बातम्यांमुळे बसली. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केल्या तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो असं आता डॉक्टर सांगतात. ब्रेस्ट कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील तर गणित वेगळं, म्हणून मनाने काही घेऊ नका, पण घाबरून विचारायचंच नाही असंही करू नका.

कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, सारखं लघवीचं इन्फेक्शन, हे तर आपण बहिणीलाही सांगत नाही. यावर साधं क्रीम असतं हो, आणि बायका वर्षानुवर्षं सोसत राहतात, याचा मला फार राग येतो. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थोडं जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा, वाट बघू नका.

मैत्रिणीला म्हटलं, पाळीच्या तारखा आणि रात्री कधी कधी जाग येते ते लिहून काढ आणि तोच कागद डॉक्टरांपुढे ठेव. गुरुवारची अपॉइंटमेंट मिळालीये, मी जातेय तिच्याबरोबर.