मंजूर रोखे आणि गळकं छप्पर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण प्रश्न रास्त आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२४ मध्ये सरकारी घरांच्या दुरुस्तीसाठी २ अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले, तरीही वृद्धांच्या वसाहतीचं छप्पर गळतंच आहे, म्हणजे दोष गावच्या हाउसिंग अथॉरिटीचा, म्हणजे ही सरकारी घरं सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेचा. अथॉरिटीने राज्याला द्यायचा पाच वर्षांचा दुरुस्तीचा आराखडा आणि इमारतीच्या एकेका भागाची नोंद यांवर मी जे लिहिलं, ते तुमच्या मते कागदी घोडे. शिवाय दुरुस्तीसाठी कर्ज काढणंच चूक, आणि एकंदर कारभार मुंबईच्या दुरुस्ती मंडळासारखाच.

आधी त्या २ अब्जांबद्दल. गव्हर्नर मॉरा हीली यांनी ६ ऑगस्ट २०२४ रोजी सही केलेला कायदा एकूण ५.१६ अब्ज डॉलरचा. त्यात सरकारी घरांच्या दुरुस्तीचा वाटा २ अब्जांचा. पण या कायद्याने तिजोरीत एक डॉलरही आलेला नाही. कर्ज काढायची परवानगी तेवढी मिळाली. राज्यघटनेप्रमाणे अशा परवानगीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, त्यामुळे ती मिळाली की बातमी मोठी होते. खरा आकडा ठरतो तो नंतर, दरवर्षी : राज्याचं वित्त खातं त्या वर्षी किती कर्ज काढायचं याची मर्यादा घालतं आणि ती रस्ते, पूल, न्यायालयं, महाविद्यालयं, घरं यांच्यात वाटतं. अथॉरिटीच्या पदरात पडतो तो या वार्षिक मर्यादेतला हिस्सा. २०१८ च्या कायद्यात याच कामासाठी ६० कोटी डॉलरची परवानगी होती. तीही अशीच वर्षावर्षाने खर्ची पडली. राज्याच्या मदतीवर चालणारी घरं सुमारे ४३ हजार. २ अब्ज सगळेच्या सगळे मिळाले, तरी घरटी साधारण ४६ हजार ५०० डॉलर येतात, तेही अनेक वर्षांत.

म्हणून तो पाच वर्षांचा आराखडा. अर्ज म्हणजे गव्हर्नरना लिहिलेलं विनंतीपत्र नव्हे, हा आराखडाच अर्ज. त्यात काम कोणतं एवढंच लिहून भागत नाही, कोणत्या आर्थिक वर्षात किती डॉलर प्रत्यक्ष खर्च होतील तेही मांडावं लागतं, कारण मर्यादा खर्चाच्या वर्षावर असते. घोडं अडतं ते इथेच. राज्याचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि न्यू इंग्लंडमध्ये (अमेरिकेच्या या ईशान्य भागात) छपराच्या कामाचा हंगाम एप्रिल ते नोव्हेंबर, म्हणजे नेमका दोन वर्षांत चिरलेला. सपाट छपरावर पाणी अडवणारा रबरी पडदा चिकटवायचा डिंक थंडीत धरत नाही. निविदा जानेवारी-फेब्रुवारीत निघाली तर मे महिन्यात काम सुरू होतं, आणि बिलं ३० जूनच्या अलीकडे काही, पलीकडे काही अशी येतात. ज्यांनी सगळा खर्च एकाच वर्षात दाखवला असेल, त्यांची एका वर्षाची रक्कम पडून राहते आणि दुसऱ्या वर्षी मर्यादा ओलांडते. मग आराखडा दुरुस्त करा, पुन्हा मंजुरी घ्या, आणि तोवर हिवाळा येतो.

इमारतीच्या भागांच्या नोंदीबद्दल तुम्ही जे म्हणता, त्यातलं अर्धं मला मान्य आहे. राज्याच्या प्रणालीत प्रत्येक छप्पर, बॉयलर, खिडकी, विजेचं पॅनेल यांचं वय, उरलेलं आयुष्य आणि बदलायचा खर्च नोंदवलेला असतो, आणि वसाहतीची गरज त्यावरून मोजली जाते. काही अथॉरिटी ही नोंद वर्षानुवर्षं हातात घेत नाहीत. बदललेला बॉयलर जुनाच दिसतो, आणि गळकं छप्पर कागदावर अजून आठ वर्षं टिकणार असतं. असं असेल तर दोष अथॉरिटीचाच, आणि तो जाहीरपणे विचारायला हवा. मात्र उपाय नोंद नीट करण्यात आहे, नोंदच टाकून देण्यात नाही. पाचशे किंवा त्याहून कमी घरं असलेल्या अथॉरिटींना यासाठी २०१४ च्या कायद्याने विभागीय तांत्रिक पथकं मिळाली आहेत. त्यांना बोलवायला हवं.

आता खर्चाचा अंदाज, कारण अर्ज फसतात ते बहुधा इथे. सपाट छप्पर बदलायचं तर नुसत्या चौरस फुटांना दराने गुणून चालत नाही. आजच्या ऊर्जा नियमांप्रमाणे आर-३० इतकं उष्णतारोधक (आर हे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचं माप) घालायचं म्हटलं, तर पॉलिआयसो या कडक फोमचे थर पाच इंचांच्या वर जातात. छप्पर तेवढं उचललं जातं. मग पंख्यांचे कठडे, पाइपांची तोंडं, दाराचा उंबरठा हे सगळं वर घ्यावं लागतं, कारण पाणी रोखणारी पट्टी नव्या पृष्ठभागापासून साधारण आठ इंच वर चढायला हवी. हे अंदाजपत्रकात नसलं, की पहिल्याच महिन्यात कंत्राटदार वाढीव कामाचं बिल पुढे करतो. तसंच ओल्या थराचं. आधी ठिकठिकाणी छप्पर कापून नमुने काढा, सूर्यास्तानंतर उष्णताचित्रण करा. ओला भाग उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे तो वेगळा उठून दिसतो. जुन्या डांबरी लेपात ॲस्बेस्टॉस आहे का, ते निविदेच्या आधी तपासा. खालचा तळ कुजलेला निघेल, हे धरूनच चाला आणि निविदेतच तळ बदलायचा प्रति चौरस फूट दर मागून ठेवा. उघड्या छपरावर उभं राहून दर ठरवायची वेळ आली, तर तो नेहमी कंत्राटदाराच्या मनासारखा ठरतो.

निविदेचे नियमही सांभाळावे लागतात : राज्याने ठरवलेली मजुरीची किमान दरपत्रकं ९० दिवसांपेक्षा जुनी असू नयेत, ५ टक्के अनामत बोलीसोबत लागते, आणि मोठ्या कामांत विशिष्ट कारागिरीच्या पोटबोली (त्या कामाच्या पोटकंत्राटदारांच्या बोली) वेगळ्या मागवाव्या लागतात. यातलं एखादं चुकलं तर फेरनिविदा.

कर्जाबद्दल तुमचा आक्षेप तत्त्वाचा आहे, आणि त्याला उत्तर आहे. या रोख्यांतून डागडुजी होत नाही. ठिगळ लावणं, बर्फ काढणं, रिकामं घर रंगवणं हा चालू खर्च, तो चालू अनुदानातून आणि भाड्यातूनच करायचा. वीस-पंचवीस वर्षं टिकणारं नवं छप्पर ही वेगळी गोष्ट. त्याचा उपयोग पुढचे रहिवासीही घेणार, तर त्याची परतफेडही तेवढ्या वर्षांत पसरली तर त्यात अन्याय नाही. भाडं उत्पन्नाच्या प्रमाणात असतं, त्यामुळे भाड्यातून एवढी गंगाजळी साठतच नाही. आणि रोखे राज्य फेडतं, गावची अथॉरिटी नाही.

मुंबईची तुलना मला पटत नाही. तिथल्या उपकरप्राप्त इमारती बहुतांशी खासगी मालकांच्या आहेत, आणि मंडळ त्यांच्याकडून उपकर घेऊन दुरुस्ती करतं. इथे इमारत अथॉरिटीचीच आहे. मालक हात वर करतो, हा प्रश्नच येत नाही.

गावाच्या समुदाय संवर्धन निधीतून (मालमत्ता करावरच्या अधिभारातून गाव उभा करतं त्या निधीतून) पैसे का मागत नाहीत, असंही तुम्ही विचारलंत. मागावेत, जरूर मागावेत. पण जी घरं या निधीतून घेतली किंवा बांधली नाहीत, त्यांच्यासाठी हा पैसा फक्त नुकसान टाळण्याच्या कामाला चालतो. छपराला चालेल. स्वयंपाकघर नव्याने करायला चालणार नाही. एकाच अर्जात दोन्ही घातलीत तर छप्परही अडकेल.

राहिलं रहिवाशांचं. आराखड्याचा मसुदा आधी जाहीर करावा लागतो आणि त्यावर जनसुनावणी होते. तिथे "छप्पर गळतं" एवढंच सांगितलं तर इतिवृत्तात एक ओळ येईल. त्यापेक्षा प्रत्येक गळतीची तारीख, घर क्रमांक, खोलीतली जागा, आणि त्या दिवशी पाऊस सरळ होता की वाऱ्याचा, हे लिहून द्या. वाऱ्याच्या पावसातच गळत असेल, तर पाणी बहुधा भिंतीच्या विटांतून किंवा कठड्याच्या सांध्यातून येतं आहे, आणि तिथे नवं छप्पर घालूनही गळती तशीच राहील. तुम्ही वरच्या मजल्यावरच्या ज्या दोन घरांबद्दल लिहिलंत, ती दोन्ही टोकाच्या भिंतीला लागून आहेत. छपराची रक्कम आराखड्यात टाकण्याआधी त्या भिंतीवर पाणी मारून चाचणी घ्या, अशी लेखी मागणी या सुनावणीत करा.