ताई, ते इकिगाई नव्हे

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर दोन दिवस काही लिहायचं धाडस झालं नाही. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. तुमच्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. इकिगाई, म्हणजे जगण्याला अर्थ देणारी गोष्ट, या जपानी कल्पनेवरचा माझा लेख तुमच्या दिरांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि म्हणाले, "वहिनी, आईची सेवा हेच तुमचं इकिगाई." त्यावर तुम्ही मला विचारलंत की लेखातल्या चित्रात इकिगाई जिथे दाखवलं होतं, त्या आवड, कौशल्य, जगाची गरज आणि पैसा या एकमेकांत गुंतलेल्या चार वर्तुळांत मी नेमकी कुठे बसते? हे सगळं पोट भरलेल्यांचं खूळ आहे, असंही लिहिलंत.

वर्तुळांबद्दल आधी माफी मागतो. ते चित्र जपानी नाहीच. २०११ साली स्पेनच्या आंद्रेस झुझुनागा यांनी ते काढलं, तेव्हा त्याच्या मध्यभागी 'उद्देश' असा शब्द होता. २०१४ मध्ये मार्क विन या ब्लॉगलेखकाने तिथे 'इकिगाई' लिहिलं आणि ते जगभर पसरलं. मला हे माहीत होतं, तरी समजायला सोपं म्हणून मी ते वापरलं. ते चुकलं. लेखातून चित्र काढून टाकलं आहे.

मूळ शब्दात पैसा नाही आणि नोकरीही नाही. 'इकि' म्हणजे जगणं. 'गाई' हा 'काई'चा जोडशब्दात होणारा उच्चार, आणि त्यासाठी आपल्याकडे 'चीज' हा शब्द अगदी जवळचा आहे. कष्टांचं चीज झालं म्हणतो ना, तेच. तर इकिगाई म्हणजे जगण्याचं चीज. जगण्यात राम आहे असं ज्याच्यामुळे वाटतं, ते.

पण 'पोट भरलेल्यांचं खूळ' हे मात्र मला पटत नाही, कारण जपानात या शब्दावर सर्वांत खोल विचार झाला तो कुष्ठरोग्यांच्या बेटावर. ओकायामा प्रांतातल्या नागाशिमा बेटावर १९३० साली सरकारी कुष्ठालय सुरू झालं. तिथे नेलेला माणूस घर, नातीगोती, कित्येकदा स्वतःचं नावसुद्धा गमावून बसायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर औषध आलं, रोग बरा होऊ लागला, तरी सक्तीने वेगळं ठेवण्याचा कायदा १९९६ पर्यंत टिकला. मुख्य भूमी अगदी समोर दिसत असूनही मधला पूल व्हायला १९८८ उजाडलं.

मिएको कामिया या बेटावर पहिल्यांदा गेल्या १९४३ मध्ये, वैद्यकाच्या विद्यार्थिनी असताना. हे दुःख यांच्याच वाट्याला का, माझ्या का नाही, हा प्रश्न त्यांना तिथे लागला तो कायमचा. पुढे मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्या वर्षानुवर्षं तिथे जात राहिल्या आणि त्यातूनच १९६६ साली त्यांचं इकिगाईवरचं पुस्तक आलं. त्यांना दिसलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. हातपाय चालणारे, आजार सौम्य असलेले कितीतरी जण दिवस ढकलत होते, आणि काही अंथरुणावरची माणसं मात्र आतून उजळलेली होती.

त्याच बेटावर कोइची कोंदो होते. डोळे गेलेले, बोटांची संवेदना गेलेली, त्यामुळे ब्रेलही हाताने वाचता येईना. मग ते जिभेने आणि ओठांनी वाचायला शिकले. कागदावरच्या उंचवट्यांवर जीभ फिरवायची, ओठ फाटून रक्त येईपर्यंत. असं वाचून त्यांनी संगीताची लिपी आत्मसात केली आणि १९५३ मध्ये तिथल्या रुग्णांचं माउथ ऑर्गन पथक उभं केलं. हे त्यांना कोणी नेमून दिलेलं नव्हतं, ताई.

म्हणूनच तुमचा राग मला रास्त वाटतो. कामियांवर पुढे टीका झाली की रुग्णांच्या मनाची उंची त्यांनी दाखवली, पण त्यांना डांबणाऱ्या धोरणाविरुद्ध त्या उभ्या राहिल्या नाहीत. मला ती टीका मान्य आहे. जपानी लोकांनीही या शब्दांचा गैरवापर ओळखलाय. 'यारिगाई' म्हणजे केल्याचं चीज. कामात समाधान मिळतंय ना, मग पगार कमी का असेना, असं म्हणून माणसाला राबवून घेण्याला तिकडे 'यारिगाई साकुशु' असं नावच आहे. साकुशु म्हणजे पिळवणूक. दीर तुम्हाला जे म्हणाले, ते याच जातीचं.

इकिगाई आहे की नाही, हे ज्याचं त्यानेच सांगायचं असतं. मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात १९९४ पासून त्रेचाळीस हजारांहून अधिक लोकांची सात वर्षं पाहणी झाली. 'नाही' म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं, म्हणून तिचा सगळीकडे उल्लेख होतो. मला त्यातला प्रश्नच महत्त्वाचा वाटतो. तुमच्या जीवनात इकिगाई आहे का, एवढंच विचारलं होतं, आणि ते ज्याचं त्यालाच. नवऱ्याला किंवा दिराला नाही.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी कंसात एक ओळ होती. सासूबाई झोपल्या की तुम्ही वीस मिनिटं पेटी घेऊन बसता, त्यांची झोप मोडू नये म्हणून भाता अगदी हळू मारत. त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मी नाव ठेवणार नाही. दिरांना मात्र हे उत्तर ग्रुपवरच दाखवा आणि विचारा, आठवड्यातून दोन संध्याकाळी ते आईपाशी बसतील का. त्या दोन दिवशी शेजारच्या घरी पेटी न्या आणि भाता पूर्ण उघडून वाजवा.