खजुराचा बार डायबेटिसचं औषध नाही, गोळ्या बंद करू नका

बायकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, गोव्यात बहुतेकांकडे येऊन गेला असेल. "बाजारातल्या चॉकलेट बारला घरचा पर्याय, ग्लूटेन-फ्री, वेगन, शुगर-फ्री". रेसिपी अशी की २०० ग्रॅम बिनबियांचा खजूर, १२५ ग्रॅम पीनट बटर, मूठभर ओट्स, चार मोठे चमचे किसलेला माडाचा गूळ, तीन मोठे चमचे खोबरेल तेल, सगळं मिक्सरला लावायचं, थापायचं, वरून १०० ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवून ओतायचं आणि फ्रीजमध्ये ठेवून दहा बार कापायचे. इथपर्यंत काहीच म्हणणं नाही, चवीला हे छानच लागतं. पण त्याखाली जे दावे लिहिलेत ते असे: यात साखर नाही म्हणून डायबेटिसवाल्यांनी हवे तेवढे खावेत, रात्री जेवणाऐवजी दोन बार खाल्ले की गोळ्या हळूहळू सुटतात, शुगर लो झाली तरी हाच बार खावा, खोबरेल तेल पोटाची चरबी जाळतं, आणि गोव्यात डायबेटिस वाढला तो पावातल्या ग्लूटेनमुळे. शेवटी एक "अनुभव", फोंड्याच्या कुणा बाईंची एचबीएवनसी म्हणे दोन आठवड्यांत ९ वरून ६ वर आली.

मी एरवी असल्या मेसेजना उत्तर देत बसत नाही. पण हा माझ्या मावशीकडे पोचला. तिला बरीच वर्षं डायबेटिस आहे, आणि तिच्या डब्यात गोळ्यांची स्ट्रिप बघितली तर अर्धी तोडलेली गोळी परत त्याच कप्प्यात चेपून ठेवलेली, फॉईल वर दुमडून. विचारलं तर म्हणाली, "अगो, आता अर्धीच घेते, बार खाते ना." म्हणून हे लिहितेय, आणि सुरुवात गोळ्यांपासूनच करते कारण बाकीचं चुकलं तर फार तर वजन वाढेल, इथे चुकलं तर माणूस हॉस्पिटलात जाईल.

आधी तो दोन आठवड्यांचा अनुभव. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय त्याचं माप. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, आणि म्हणूनच डॉक्टर ती दर तीन महिन्यांनी करायला सांगतात. दोन आठवड्यांत जुन्या पेशी बहुतेक तशाच फिरत असतात, त्यामुळे इतक्या कमी दिवसांत ९ वरून ६ वर यायला खजूरच काय, कुठलंही औषध पुरणार नाही. ज्याने हे लिहिलं त्याला ही टेस्ट काय मोजते हेच माहीत नाही, आणि त्याच्या शब्दावर लोक गोळ्या तोडतायत!

गोळी स्वतःहून कमी केली की साखर वर जाते आणि बऱ्याचदा काही जाणवत नाही, हाच तर त्रास आहे. तहान लागते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, माणूस म्हणतो उन्हाळा आहे, वय झालं. तोवर डोळे, किडनी, पायांच्या नसा यांच्यावर परिणाम सुरूच असतो. गोळ्या कमी होऊ शकत नाहीत असं मी म्हणत नाहीये. वजन उतरलं, खाणं बदललं, चालणं वाढलं की काही जणांच्या होतात, पण ते रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात, फॉरवर्ड नाही.

आणि त्याच मेसेजमध्ये पुढे लिहिलंय की शुगर लो झाली तर हाच बार खा. वर म्हणायचं याने साखर वाढत नाही आणि खाली म्हणायचं कमी झालेली साखर याने वाढते, एकाच मेसेजमध्ये दोन्ही, आणि पाठवणाऱ्या एकीलाही हे खटकलं नाही? बरं, हा सल्ला नुसता विसंगत नाही, घातक आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर कधी अचानक खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. तेव्हा लागते पटकन रक्तात जाणारी साखर, साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून, आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमीच असेल तर परत तेवढंच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. बारमध्ये शेंगदाणे, खोबरेल तेल, चॉकलेट म्हणजे भरपूर फॅट, आणि फॅट असलं की पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर रक्तात उशिरा पोचते. लो झालेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. मावशीच्या पर्समध्ये आता बारच्या जागी ग्लुकोजची पुडी आहे.

आता "साखर नाही". मी सगळं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजलं. खजुरात शंभर ग्रॅममागे ६५ ग्रॅमच्या आसपास साखरच असते, म्हणजे २०० ग्रॅमची झाली १३०. चार मोठे चमचे गूळ भरला ५० ग्रॅम, त्यातली ४५ ग्रॅम तरी साखर. डार्क चॉकलेट आपल्याकडे दुकानात मिळतं ते बहुतेक ५०-५५ टक्क्यांचं, त्याच्या १०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅम साखर. बेरीज २१५. दहा बार केले तर एकात २१ ग्रॅम, म्हणजे चार ते पाच चहाचे चमचे. एक बार भरतो साधारण ५५ ग्रॅम आणि कॅलरी होतात अडीचशेच्या घरात. बाजारातला शेंगदाणा-कॅरमेलचा ५० ग्रॅमचा बार घ्या, त्यावर छापलेलं असतं, साखर २५ ग्रॅमच्या आसपास आणि कॅलरी २४० च्या आसपास. एवढाच फरक! आणि रात्री जेवणाऐवजी दोन बार म्हणजे डायबेटिसच्या माणसाच्या पोटात ४२ ग्रॅम साखर, ना भाजी, ना डाळ, ना मासळी.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, मनात नसलं तरी. खजुरात फायबर असतं, त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर साखर किती झपाट्याने चढते त्याचं माप, वाटतो तेवढा जास्त नाही, आणि शेंगदाण्यांबरोबर खाल्ला तर साखर थोडी सावकाश चढते. एखाद-दुसरा खजूर डॉक्टरही बऱ्याच जणांना चालवून घेतात. पण सावकाश चढते म्हणजे चढत नाही असं नव्हे, आणि एका बारमध्ये २० ग्रॅम खजूर, वर गूळ, वर चॉकलेट आहे. "हवे तेवढे" हे त्यातून कुठून निघालं?

माडाच्या गुळाचं तर मला विशेष वाईट वाटतं कारण तो आपला आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते काळे, पिरॅमिडसारखे गूळ मांडून बसलेल्या बायका दिसल्या की मी घेतल्याशिवाय पुढे जात नाही, त्याला जो धुरकट वास असतो तो साध्या गुळाला येतच नाही. माडावर चढून गोड रस काढणारे रेंदेर कमी होत चाललेत, म्हणून तो विकत घ्याच. पण तो रस आटवून जे उरतं ते मुख्यतः सुक्रोज, म्हणजे डब्यातल्या साखरेत जे असतं तेच. थोडं लोह, थोडं पोटॅशियम जास्त असेल, पण त्या खनिजांसाठी चार चमचे गूळ खाणं डायबेटिसच्या माणसाला परवडत नाही.

मला या मेसेजवाल्यांना एकच विचारायचंय. आपलं दोदोल कशाचं करतात? नारळाचं दूध, माडाचा गूळ, तांदळाचं पीठ. गहू नाही, दूध नाही, अंडं नाही. तासन् तास ढवळून ते भांड्याच्या कडा सोडायला लागतं, वडी कापून कागदावर ठेवली की कागद तेलकट होऊन आरपार दिसतो. पूर्ण ग्लूटेन-फ्री आणि पूर्ण वेगन, आपल्या आज्यांच्या काळापासून. नाताळात शेजारून दोदोल आलं तर घरातल्या डायबेटिसवाल्याला आपण लहानसा तुकडा देतो आणि पुरे म्हणतो ना? मग तोच गूळ, तोच नारळ बटर पेपरमध्ये गुंडाळून आला की औषध कसा होतो? ग्लूटेन-फ्री म्हणजे गहू, बार्ली, राय यांतलं प्रोटीन नाही, वेगन म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काही नाही. साखर किती, फॅट किती, यातलं काहीच ते दोन शब्द सांगत नाहीत.

पावाचा मुद्दा. पाव पोर्तुगिजांबरोबर आला हे खरं, पण पुढचं सगळं मनाने जोडलेलं. ग्लूटेन हे प्रोटीन आहे, रक्तातली साखर मुख्यतः चढते ती स्टार्च आणि साखरेने, आणि मैद्याच्या पावात स्टार्च आहे तसा भातातही आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा इंडियाब नावाचा मोठा सर्व्हे आहे, ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, १ लाख १३ हजार माणसं, २०२३ मध्ये लॅन्सेटच्या डायबेटिसवरच्या जर्नलमध्ये छापून आला. त्यात देशात सगळ्यात जास्त डायबेटिस निघाला गोव्यात, २६.४ टक्के. मोठ्या माणसांत चारातल्या एकाहून जास्त! आणि सगळ्यात कमी उत्तर प्रदेशात, ४.८ टक्के, जिथे रोज गव्हाची रोटी खातात. ग्लूटेनने डायबेटिस होत असता तर हे आकडे उलटे यायला हवे होते, कारण आपलं रोजचं शीत-कडी-मासळी (शीत म्हणजे भात) मुळातच ग्लूटेन-फ्री आहे. डायबेटिसमागे वजन, बैठं काम, वय, आनुवंशिकता अशी बरीच कारणं असतात, एकट्या पावाच्या डोक्यावर खापर फोडून काही होत नाही. खरं तर या सर्व्हेतला आकडा वाचल्यावर मला हा मेसेज जास्त भयंकर वाटायला लागला, कारण ग्रुपमध्ये शंभर बायका असतील तर पंचवीस जणींना डायबेटिस असण्याची शक्यता आहे, आणि त्या सगळ्यांना आपण "हवे तेवढे खा" म्हणून सांगतोय.

ग्लूटेन खरंच ज्यांना चालत नाही त्या सिलिअॅकच्या पेशंटचं मात्र यात नुकसान होतं, कारण मेसेजमध्ये नुसतं "ओट्स" लिहिलंय. ओट्समध्ये मुळात ग्लूटेन नसतं, पण शेतात, गिरणीत, पॅकिंगमध्ये गहू मिसळतो, म्हणून पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच घ्यावे लागतात, त्यासाठी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम ग्लूटेनची आहे. चॉकलेटमध्ये बार्ली माल्ट असू शकतं तेही वाचावं लागतं, आणि ज्या मिक्सरच्या भांड्यात काल गव्हाचं काही फिरवलं त्यातच हे फिरवलं तर काय उपयोग? शिवाय पोट बिघडतं म्हणून कुणी स्वतःच गहू बंद करत असेल तर आधी रक्ताची टेस्ट करून घ्या, गहू सोडल्यावर ती टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि मग निदानच होत नाही.

खोबरेल तेल चरबी जाळतं, हे मात्र कुणीतरी अर्धवट वाचून लिहिलंय. ते प्रयोग बहुतेक एमसीटी नावाच्या वेगळ्या काढलेल्या तेलावर झालेत, बाटलीतल्या खोबरेल तेलावर नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये हे सगळं तपासून सांगितलं की खोबरेल तेलात सॅच्युरेटेड फॅट ८२ टक्के असतं, बटरमध्ये ६३, आणि त्याने वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल वाढतं. वनस्पतीत कोलेस्टेरॉल नसतं हे बरोबर, पण रक्तातलं वाढतं त्याचं काय? यावर आपल्याकडे लोक चिडतात, पिढ्यान् पिढ्या खाल्लंय म्हणतात. कढीत वाटलेला नारळ खा की, माझंही त्याच्याशिवाय जेवण होत नाही. पण गोडाच्या पदार्थात वरून तीन मोठे चमचे तेल ओतून ते वजन कमी करायचं म्हणून खायचं, असं आपल्या पिढ्यांनीही कधी केलं नव्हतं.

वेगनबद्दल एवढंच, की डार्क लिहिलेल्या बऱ्याच चॉकलेटमध्ये मिल्क सॉलिड्स असतात, मागचं लेबल वाचा. आणि घरगुती चॉकलेटसाठी ती स्वस्त कंपाउंडची लादी मिळते, तिच्यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती फॅट असतं, ती वापरणार असाल तर बाजारचा बार काय वाईट होता.

घरी केल्याचा फायदा आहेच. काय घातलं ते आपल्याला माहीत असतं, मुलांना भाजलेले शेंगदाणे जातात, दूध न पचणाऱ्याला गोड खाता येतं. मी स्वतः करते ते गूळ आणि तेल अजिबात न घालता, खजूर निम्मा, शेंगदाणे दुप्पट, चॉकलेटचा फक्त पातळ थर, आणि २० ग्रॅमचे छोटे तुकडे कापून. तरी ते गोडच आहे आणि मावशीला त्यातला एक तुकडा जेवणानंतर, तोही कधीतरी.

ज्या ग्रुपवर हा मेसेज असेल तिथे रेसिपी खुशाल ठेवा, पण गोळ्यांचं, लो शुगरचं आणि त्या फोंड्याच्या बाईंचं वाक्य काढून टाका, आणि खाली लिहा की एका बारमध्ये २१ ग्रॅम साखर आहे. ज्यांनी गोळ्या आधीच कमी केल्या असतील त्यांनी मनाने एकदम दुप्पट वगैरे घेऊ नका, साखर तपासा आणि स्ट्रिप घेऊन डॉक्टरकडे जा, सरकारी आरोग्य केंद्रातही दाखवता येतं. मावशीला मी उद्या घेऊन जातेय.