टेपर म्हणजे सुट्टी नव्हे

स्पर्धा आठ दिवसांवर आली की पुण्यातल्या कुठल्याही टँकवर दोन तऱ्हेचे पालक भेटतात. एक म्हणतात, 'आता जरा जास्तच पोहून घे.' दुसरे म्हणतात, 'आता पाण्यात उतरूच नकोस.' माझ्या मते दुसरे जास्त नुकसान करतात, कारण त्यांना वाटतं आपण टेपरच, म्हणजे स्पर्धेआधी टप्प्याटप्प्याने कमी केलेला सराव, देतोय.

टेपरमध्ये अंतर कमी करायचं, वेग नाही. तेरा-चौदा वर्षांचं मूल आठवड्यातून सहा दिवस रोज ४००० मीटर पोहत असेल, तर पहिले तीन दिवस ३०००, पुढचे तीन २००० ते २४००, शेवटचे दोन १२०० ते १५००. उतरायचं मात्र नेहमीच्याच दिवशी, नेहमीच्याच वेळेला. चार दिवस पाण्याबाहेर राहिलं की पाण्याची पकड सुटते. हात फिरतात, पण पाणी मागे जात नाही. ५० मीटरचे स्ट्रोक मोजा. ४२ चे ४५ झाले असतील तर समजा काय झालंय ते.

कमी केलेल्या अंतरातही रेसच्या वेगाचं काम हवंच : २५ मीटरचे चार-सहा स्प्रिंट, प्रत्येकामागे दीड मिनिट विश्रांती, शिवाय डाइव्ह आणि टर्न. टाइम वाढायला लागला की सेट तिथेच थांबवायचा. जोर-बैठका, वजनं आठवडाभर आधीच बंद. थकवा झपाट्याने उतरतो, कमावलेला दम तितक्या लवकर जात नाही. सगळा फायदा या फरकाचा. टाइममध्ये हा फायदा साधारण २ ते ३ टक्के असतो. किरकोळ वाटतं? १०० मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ५ सेकंदांत मारणाऱ्याला २ टक्के म्हणजे १.३ सेकंद. फायनल आणि गॅलरी यांत अनेकदा तेवढंही अंतर नसतं.

मध्येच मूल 'अंग जड वाटतंय' म्हणेल. घाबरून सेट वाढवू नका, हे होतं.

आठवड्यातून चार दिवस दीड-दोन हजार मीटर पोहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला टेपर कशाला? उतरवायला तेवढा थकवाच साठलेला नसतो. शेवटचे दोन दिवस हलके, बस. मोठ्यांनाही दर क्लब मीटला टेपर नको. जिल्हा, राज्य अशा वर्षातल्या दोन मोठ्या स्पर्धांपुरता ठेवा, नाहीतर सरावाला आठवडेच उरत नाहीत.

खरा घोळ घरी होतो. वाचलेला तास जादा क्लासला, सोसायटीतल्या क्रिकेटला नाहीतर लक्ष्मी रोडच्या खरेदीला जातो. तेरा वर्षांपुढच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, लहानांना त्याहून जास्त. पहाटे पाचला उठायचं तर रात्री नऊला दिवा बंद, मोबाइल आई-बाबांच्या खोलीत. पोळी-भात नेहमीइतकाच, नवा गॉगल, नवी पावडर काही नको.

आणि बालेवाडीच्या क्रीडासंकुलासारख्या ठिकाणी मोठ्या मीटला वॉर्मअप आणि रेस यांत कधीकधी तास-दीड तास जातो. तेवढा वेळ ओल्या कॉश्च्यूमवर पंख्याखाली बसलेलं मूल गार पडतं. अंग कोरडं करून ट्रॅकसूट, मोजे घाला आणि नाव पुकारायच्या दहा मिनिटं आधी हात-खांदे फिरवून, उड्या मारून अंग पुन्हा गरम करायला लावा.