एका पगारावर विसंबून राहू नका

श्रीमंत व्हायचं तर उत्पन्नाचे निदान सात स्रोत हवेत, हे गुंतवणुकीचे व्हिडिओ बघून तुम्हाला पाठ झालंच असेल. एसआयपी, भाड्याचा फ्लॅट या भानगडीत पडूच नका. सरळ ‘आशा’ व्हा, म्हणजे गावातली सरकारी आरोग्य स्वयंसेविका. बाई असणं आणि त्याच गावात नांदणं, बाकी अटी किरकोळ. स्रोत इतके, की हिशेबाला वेगळी वही लागते. पगार तेवढा त्यात नाही, मोबदला आहे.

धंदा भामरागडसारख्या ठिकाणी काढा. तापाच्या माणसाच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला की १५ रुपये. गडचिरोलीत मलेरिया मुबलक, त्यामुळे कच्च्या मालाची चिंता नाही. संयम असेल तर लसीकरणात उतरा. बाळ वर्षाचं होईतो सगळ्या लसी वेळेवर टोचून घेतल्या, की १०० रुपये.

पण खरी मलई नवजात बाळाच्या गृहभेटींत. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचं. वजन करा, ताप मोजा, आईला नीट पाजता येतंय का बघा, फॉर्म भरा. सगळं मिळून २५० रुपये. याला सहाने भागू नका. (मी भागलं. बेचाळीससुद्धा येत नाहीत.) गावातली बाई घरी जाऊन बाळं वाचवू शकते, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने याच गडचिरोलीत सिद्ध केलं होतं. ती अडीचशेत वाचवू शकते, हा शोध मात्र सरकारचा.

जोखीम आवडत असेल तर बाळंतपणं घ्या. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात ६०० रुपये. त्यातले निम्मे गरोदरपणातल्या तपासण्यांचे, निम्मे बाई दवाखान्यात बाळंत झाली तर. पावसाळ्यात भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली जातो. तेव्हा कळा कधी सुरू करायच्या ते बाळाला आधीच समजावून ठेवा. घरीच झालं तर उरलेले ३०० नदीत.

डॉक्टरांचा दर विचारू नका, उगाच मन खट्टू होतं. एमबीबीएसनंतरची वर्षभराची बंधपत्रित सेवा चुकवायची, तर दहा लाख भरा, असा नियम बरीच वर्षं होता. गावात न जाण्याची किंमत दहा लाख आणि गावातच राहण्याची, वर दिलीच आहे.

मोबदला वाढतोही बरं का. फक्त आझाद मैदानावर मुक्कामाची तयारी हवी. २०२३ च्या संपानंतर सात हजारांच्या वाढीची घोषणा झाली. मार्च २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला, तेव्हा तिचे पाच झाले होते. चार महिन्यांत दोन हजार वितळले. शेअर बाजारातही असे दिवस येतात.

भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी वगैरे विचारून स्वतःचा अपमान करून घेऊ नका. ते नोकरदारांचं असतं, तुम्ही स्वयंसेविका. शिवाय २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या दहा लाखांवर आशांचा एकत्रित गौरव केला. त्यातला तुमचा दहा लाखावा हिस्सा कुणी काढून घेणार नाही.

असो, निघा आता. पलीकडच्या घरातलं बाळ आज बेचाळीस दिवसांचं झालं. वजनकाटा घ्या, आणि फॉर्मवर सही विसरू नका.