पीयूसी नापास, आणि वर फुकटचे सल्ले

"कॅटकॉन गेलाय साहेब. चाळीस हजार धरून चाला."

कॅटकॉन म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मेकॅनिकने बॉनेट उघडलं नाही, स्कॅनर लावला नाही, माझ्या हातातला पीयूसीचा कागदसुद्धा बघितला नाही. टायरला दोन लाथा मारल्या आणि निदान झालं! अरे बाबा, कागदावर लिहिलंय ना. सीओ, म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड, १.२ टक्के; माझ्यासारख्या बीएस फोर (धुराच्या आधीच्या नियमांतल्या) पेट्रोल गाडीला आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, मर्यादा ०.३. आणि त्याच्याच खाली लॅम्ब्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, ०.९६, जो ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. म्हणजे मिक्स्चर रिच: पेट्रोल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर बघ, प्लग बघ, ऑक्सिजन सेन्सर काय रीडिंग देतोय ते बघ. इंजिन असंच पेट्रोल ढोसत राहिलं तर नवा कॅटकॉनही जळेल. मग त्याचे चाळीस हजार कोण देणार, तुझा सासरा?

तरी हा बरा म्हणायचा. पीयूसीच्या व्हॅनवाल्याने त्याच्याही आधी हळूच विचारलं होतं, "करून देऊ का? गाडी आणायचीही गरज नाही, फोटो पाठवा." म्हणजे मी मूर्ख, जो खरोखर गाडी घेऊन रांगेत उभा राहिला! आणि कात्रजच्या चढावर माझ्यापुढे काळाकुट्ट धूर ओकत चाललेला तो पाण्याचा टँकर, त्याची पीयूसी चालू असणारच. पैज लावतो. दहा हजारांच्या दंडाची भीती काय ती आम्हालाच. त्यात सोसायटीतले काका: "गाडी एकदा हायवेला ताणून आण, सगळा कार्बन निघून जातो." काका, तुमची गाडी गणपतीत एकदा बाहेर निघते.

आता माझी अवस्था अशी, की स्वारगेटच्या सिग्नलला काच खाली करून मी पुढच्या गाडीचा धूर हुंगतो. "हिचं मिक्स्चर रिच आहे," असं परवा मोठ्याने बोललो. मुलगी म्हणाली, "बाबा, काच वर घ्या, लोक बघतायत."

फिल्टर, प्लग बदलले. सेन्सरसाठी नाना पेठेत गेलो, तर काउंटरवरचा पोरगा नंबर ऐकून म्हणतो, "एवढी जुनी? विकून टाका ना काका."

विकायलाही पीयूसी लागते रे! आणि काका कोणाला म्हणतोस?